आलमारीवरची नावं

आमच्या गावाला स्टेशन नव्हतं. सालेकसा सोडलं की गाड्या जंगलातून सरळ पुढे निघून जायच्या, आणि त्यांत मालगाडी असली की तिचा आवाज कानी पडायच्या आधी आमच्या घरातला आरसा वाजायचा. आधी बारीक झिणझिण, मग रुळांचा खडखडाट, मग डबे संपले तरी बराच वेळ नुसती झिणझिण. माझ्या लग्नाआधीच्या दिवसांत हा आवाज मी इतका ऐकला की आजही मुलाच्या कुडव्याच्या घरात दुपारी डोळा लागला आणि रस्त्यावरून एखादा जड ट्रक गेला, तर अर्धवट झोपेत मी म्हणते, आली गाडी. सूनबाई विचारते, कोण आलं? आता तिला काय सांगायचं. ज्या आरशाचं मी बोलते आहे तो एका सागवानी आलमारीच्या दाराला होता. आलमारी माझ्या थोरल्या बहिणीची होती, आणि तिच्यावर चादर टाकलेली होती. आरसा वाजायचा तो चादरीखाली.

थोरल्या बहिणीचं नाव सुमन, पण आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मला ती बाईच. तिचं सासर इटियाडोहच्या बाजूचं. धरणाच्या पाण्यावर धानाची दोन पिकं घेणारं, चांगलं खातंपितं घर. तिथे तिची काही वर्षं गेली, मग नवऱ्यानं दुसरी बायको करून आणली. दोन्हीकडचे पंच बसले, चहा झाला, पान-सुपारी झाली, आणि लग्नातलं आंदण परत करायचं ठरलं. एका संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आलमारी दोरांनी उभी बांधलेली आणि बाई तिला पाठ लावून बसलेली, अशा त्या दोघी आमच्या अंगणात आल्या. बाबूजींनी आधी बाईला हात देऊन उतरवलं, मग शेजारची माणसं बोलावून आलमारी उतरवली. मायनं बाईच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, रडून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी आलमारीवर जुनी सोलापुरी चादर टाकली ती टाकलीच.

चादर धुळीसाठी नव्हती. आमच्याकडे लग्नात आंदणाच्या वस्तू मांडवात मांडून ठेवतात आणि कुणी काय दिलं ते माइकवरून पुकारतात. ‘अमुक गावच्या अमुकांकडून पाणी भरायला एक गुंड, अमुकांकडून पितळी परात.’ पुकारलेलं वाऱ्यावर जातं, म्हणून देणारा आपल्या नावाची चिठ्ठी वस्तूवर चिकटवतो. बाईच्या लग्नात सगळ्यात मोठी वस्तू ही आलमारी. मामानं आपल्या बांधावरचं सागवान कापून, वाळवून, मुद्दाम बनवून घेतली होती. तिला लाखेचं पॉलिश होतं, स्पिरिटात चपडा विरघळवून हातानं चढवलेलं, आणि जवळून पाहिलं तर लाकडाच्या रेषा पाण्याखाली असल्यासारख्या दिसत. अशा आलमारीवर आपलंही नाव असावं असं कुणाला वाटणार नाही? मामाची चिठ्ठी तर होतीच, सेलोटेपच्या चार पट्ट्यांखाली. तिच्या आजूबाजूला परात देणारे, घड्याळ देणारे, नुसतं पाकीट देणारे, सगळ्यांनी आपापली चिठ्ठी तिच्यावरच लावली. वर सोनेरी कागदाची मोठी अक्षरं कापून, पांढऱ्या गोंदानं चिकटवून, नवरा-नवरीची नावं. आधी नवऱ्याचं, खाली सुमनचं. सासरी ह्यातलं काहीच कुणी काढलं नाही. उलट आल्यागेल्याला दाखवायचे. आणि आता तीच सगळी वरात आमच्या मधल्या खोलीत उभी होती, म्हणून चादर.

ते दिवस आठवायला लागले की माझ्या डोळ्यांपुढे आधी उजेड येतो. धान कापून झालेलं, शेतं रिकामी, आणि सकाळी तलावावरून धुकं उठून थेट आमच्या सपरीपर्यंत यायचं. सपरी म्हणजे घरापुढची उतरत्या छपराची ओसरी. आमच्या आजे-पणज्यांनी तो तलाव बांधला असं बाबूजी सांगत, आणि त्याच्या पाण्याची पाळी लावायला गावाला अजूनही त्यांचाच शब्द लागायचा. घरात मात्र ते फार थोडं बोलत. माय बोलण्याची सगळी कसर भरून काढायची. चुलीवर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा मीठ घालून उकडत असायच्या, लाखोरीच्या डाळीचे वडे तेलात सुटायचे, माडीवर साठवलेल्या मोहफुलांचा गोड आंबूस वास दिवसभर घरभर फिरायचा. त्या वासात माणूस जागं असूनही थोडं झोपेतच राहतं. मी तर नक्कीच राहायची. माझं लग्न ठरलं होतं.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. उपवर मुलगी असलेल्या घरी पाहुणे जरा जास्तच येतात. त्या मंडईत मला पाहायला आलेले लोक आमगावकडचे होते. मुलगा दिसायला बरा होता, वडे भरपूर खाल्ले त्यानं, आणि जाताना आमच्या बैलांच्या पाठीवर थाप मारून गेला. एवढ्यावर मी होकार दिला आणि अजून तरी मला पस्तावायची पाळी आलेली नाही. लग्न चैतात धरलं. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी शेंगा सोलता सोलता माय म्हणाली, “मंदाले आलमारी आपल्या घरचीच देऊ. माह्या भावानं देल्लेली हाये, नवी बनवाले तसं सागवान आता भेटते कोठी? चिठ्ठ्या काहाडून टाकू, चिकट साफ करू. कोनाले समजते?”

बाई चुलीत लाकूड सारत होती. ती म्हणाली, “करू ना.” आणि पुन्हा लाकूड सारलं. मी काय केलं म्हणाल, तर मी खूश झाले. खोटं कशाला सांगू. माझ्या मनात त्या रात्रीच ती आलमारी आमगावच्या घरात जाऊन उभी राहिली. मी आरशासमोर उभी आहे, मागून कोणीतरी येतंय, असलं काय काय मला दिसायला लागलं. आणि तरी झोप लागेना, कारण बाई माझ्या शेजारीच निजली होती आणि तिच्या श्वासावरून कळत होतं की तीही जागी आहे. माहेरी परत आलेल्या बाईचं घरात काय असतं? जेवायला ताट असतं, निजायला सतरंजी असते. ‘माझं’ म्हणावं असं तिच्याजवळ ह्या घरात चादरीखालची ती एक वस्तू होती. तीही चैतात माझ्याबरोबर जाणार होती. हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं.

सफाईची सुरुवात मायनं केली आणि पहिल्याच दिवशी घोटाळा करून ठेवला. धानाच्या घरात राखेला काय तोटा. कोंड्याची पांढरी राख, तिनं आमच्याकडे पितळ घासतात, लोखंड घासतात, दातसुद्धा घासतात. मायनं घड्याळवाल्या पाहुण्याची चिठ्ठी ओढून काढली, तिच्याखाली पिवळा चिकट थर राहिला, तर त्यावर राख टाकून नारळाच्या काथ्यानं, परात घासावी तशी, दोन्ही हातांनी घासली. चिकट गेला. त्याबरोबर पॉलिशही गेलं. कुलपाजवळ तळहाताएवढा धुरकट डाग पडला आणि त्यात बारीक बारीक ओरखडे. कोंड्याची राख काचेसारखी कडक असते हे आम्हाला कुठे माहीत होतं. माय डागाकडे पाहत राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. आपल्या भावाच्या गालावर आपणच ओरबाडलं असं काहीसं तिला वाटलं असावं. मग ती म्हणाली की दवाखान्यातलं स्पिरिट आणा, त्यानं सारं निघते.

“थांब माय,” बाई म्हणाली. “मले पाहू दे.”

आलमारी परत आल्यापासून तिनं तिला हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी तिनं चादर पूर्ण काढली, घडी केली, आणि आलमारी सपरीत आणून ठेवायला सांगितली, उजेडात, पण उन्हात नाही. दर्शनी बाजूला ती गेलीच नाही. मागच्या फळीलाही पॉलिश होतं, तिथे एका कोपऱ्यात मुद्दाम सेलोटेपचे तुकडे लावले, दोन दिवस उन्हाकडे करून ठेवले, आणि ओढून काढून एकेकाची परीक्षा घेतली. स्पिरिटाचा बोळा फिरवला तर कापडावर चिकट कमी आणि तांबूस पॉलिशच जास्त आलं. येणारच, त्याच स्पिरिटात विरघळवून तर ते चढवलेलं. मातीच्या तेलानं, म्हणजे रॉकेलनं, चिकट निघाला, पण वास असा बसला की आत ठेवलेलं लुगडं नेसून देवळात जायची सोय उरली नसती. जवसाचं तेल लावून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तेलच वाळून चिकट झालं. उरलं टोरीचं तेल. मोहाच्या फळातली बी म्हणजे टोरी. तिचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं, म्हणून बाईनं वाटी चुलीच्या कडेला ठेवली, पातळ झालं तसं जुन्या मऊ धोतराच्या फडक्यावर घेतलं, त्या चिकटावर ठेवलं आणि गप्प बसून राहिली. बऱ्याच वेळानं अंगठ्यानं हलके लोटलं, तर चिकटाच्या वळ्या वळ्या होऊन आल्या. खालचं पॉलिश तसंच.

“कसं सुचलं तुले?” मी विचारलं.

“फनस कापाच्या आधी हाताले तेल लावते ना आपन? चीक लागू नाई म्हून. मंग लागलेला चीकही तेलानंच निंगते. ह्याच्यात सुचाचं काय हाये?”

परवा आमच्या नातीनं नव्या कपाटावर कार्टूनचे स्टिकर लावले. हे आजकालचं गुळगुळीत कपाट, लाकूड कुठलं, भुशावर चिकटवलेला चकचकीत कागदच तो. सूनबाईंनी ब्लेड घेतलं. मी म्हटलं, ब्लेड ठेव खाली, खोबऱ्याचं तेल आण, लावून ठेव आणि भाजी चिरून ये. ती म्हणाली, “आई, थिनरनं एका मिनिटात निघतं.” मी म्हटलं, निघतं, पण आधी दाराच्या आतल्या बाजूला लावून पाहा, काय काय निघतं ते. तिनं पाहिलं. पुढचं मी बोलले नाही, मला बोलायची हौस असली तरी कुठे थांबायचं तेवढं कळतं.

तर बाईचं काम सुरू झालं. काम कसलं, मला तर ती एक लांबच लांब दुपार वाटते, जी एका महिन्यापेक्षा कमी नसावी. सकाळचं सारवण, पाणी, स्वयंपाक आटोपला की बाई सपरीत पाट घेऊन बसायची. तेलाची वाटी, दोन फडकी, कोमट पाण्यात रिठे. तेल लावून मुरू द्यायचं, अंगठ्यानं लोटायचं, नख लावायचं नाही. मग रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून अगदी कोरडं पिळून तेलकटपणा उचलायचा आणि लगेच दुसऱ्या फडक्यानं टिपायचं, कारण लाखेच्या पॉलिशवर पाणी रेंगाळलं तर पांढरं धुकं येतं. मी शेजारी बसून चोळीला हातशिलाई करायची आणि पेंगायची. उन्हाचा पट्टा अंगणातून सरकायचा. कुठेतरी लांब कोणी लाकूड तोडत असायचं आणि घाव दिसल्यानंतर आवाज यावा इतका तो लांबचा असायचा. मग आरसा वाजायचा, बाईचा अंगठा थांबायचा, गाडी जाईपर्यंत ती थांबायची. एकेक नाव निघत होतं. परात गेली, घड्याळवाले तर आधीच गेले होते, पाकीटवाले गेले. मामाची चिठ्ठी मात्र तिनं अशी अलगद सोडवली की कागदाचा एक कोपराही फाटला नाही, आणि मायकडे नेऊन दिली. मायनं ती देव्हाऱ्यात ठेवली.

शेवटी सोनेरी अक्षरं राहिली. हा गोंद निराळा, ह्याला तेल दाद देईना. बाईनं कोमट पाण्यात फडकं पिळलं, पहिल्या अक्षरावर धरलं, उचललं, टिपलं, पुन्हा धरलं. पाणी जास्त झालं तर पॉलिश जाणार, कमी झालं तर कागद फाटणार. फार हळू चाललं होतं ते. आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. बाईच्या तोंडून इतक्या वर्षांत ते मी ऐकलं नव्हतं, परत आल्यावर तर नाहीच. आणि आता ती ते एकेक अक्षर करून उचलत होती आणि सुपात वाळत ठेवत होती. मी पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. सुईत दोरा ओवताना चेहरा होतो तसा होता. मला मात्र रडू आलं. मी चोळीत तोंड घातलं.

“काऊन रडून राहिली?” बाई हात न थांबवता म्हणाली.

“तुले काहीच वाटत नाई का?”

“वाटते ना. पाठ दुखून राहिली.” मग जरा वेळानं म्हणाली, “मंदे, पाच वर्स रोज सकारी हे नाव माह्या डोऱ्यासमोर होतं. केस विंचराले बसलं का हेच दिसे. त्याईच्या घरात माहं काय होतं? आलमारी माही, पन तिची चाबी सासूच्या कंबरेले. लुगडं पाहिजे तं मांगा लागे. एकदा मले ताप होता, थंडी वाजून राहिली होती, चादर आतमंधी, अन् सासू मंडईले गेलती. मी आलमारीले टेकून बसून राहिलो होतो सारा दिवस.” आमच्याकडे बायाही असंच बोलतात, बसलो, गेलो, आलो. “तेव्हा वाटलं होतं का ह्या लाकडात हात घालून चादर काहाडता आली असती तं.”

सुपातली अक्षरं वाळून कुरळी झाली होती. ह्याचं काय करू म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, “खताच्या खड्ड्यात टाक. धानाले तरी कामी येतीन.” आणि हसली. मीही हसले, रडतच. आणि हसता हसता माझ्या मनातल्या आमगावच्या घरातली ती आलमारी थोडी सरकली. म्हणजे ती तिथेच उभी होती, पण तिच्या आरशात मी दिसत नव्हते.

आरसा तिनं सगळ्यात शेवटी घेतला. त्याच्या चौकटीवर टिकल्यांची रांगच होती. रात्री निजताना काढलेली टिकली बाया जिथे सापडेल तिथे लावतात, सकाळी विसरतात आणि नवी लावतात. लाल, मरून, एक हिरवी. काही गळून नुसते चिकटाचे काळे गोल उरलेले. ही तिची स्वतःची नावं होती म्हणा ना. मी म्हटलं, “हे राहू दे बाई.” ती म्हणाली, “काऊन राहू देऊ? साफ म्हनजे सारं साफ.” आणि एकेका गोलावर तेलाचं बोट टेकवत गेली.

मग एक दिवस आलमारीवर काहीच उरलं नाही. मायचा तो धुरकट डाग तेवढा होता, आणि तिरप्या उन्हात फार निरखून पाहिलं तर अक्षरांच्या जागी पॉलिश जरा उजळ वाटायचं, तेही फागुन येईतो मावळलं. मायचा आनंद घरात मावेना. तिनं शाळेच्या गुरुजींकडून लाल शाईत, वळणदार अक्षरांत नवी चिठ्ठी लिहून आणली होती. ‘मामाकडून चि. सौ. कां. मंदा हिला सप्रेम भेट.’ भाताची खळ शिजवून वाटीत घेतली आणि लग्नाला अजून वेळ असताना, कुणाचं मन बदलायच्या आत म्हणा, ती चिठ्ठी लावायला सपरीत आली. बाबूजी खाटेवर दोर वळत होते. बाई आलमारीशेजारी उभी होती.

मायनं खळीत बोट बुडवलं. बाईनं दारावर हात ठेवला, जिथे चिठ्ठी लागायची होती बरोबर तिथे, पसरलेला तळहात.

“नोको चिपकवू, माय.”

“काऊन?”

त्या सगळ्या महिन्यात ती इतकं शांत बोलली होती, आणि आता तिचा आवाज थरथरत होता. “मी सारे नाव काहाडले. त्याईचं काहाडलं, माहंही काहाडलं. आता तिच्यावर कोनाचंच नाव नाई. मंग मले मांगू दे. पहिले देल्ली तेव्हा मले कोनी विचारलं नोहतं, वापस आली तेव्हाही नाई. आता मी मांगून राहिलो. मले पाहिजे.”

“तू काय करशीन आलमारीले?” मायनं विचारलं. तिला दुखवायचं नव्हतं, तिला खरंच प्रश्न पडला होता. “मंदाच्या सासरचे काय म्हनतीन? मोठीले देल्ली अन् लहानीले नाई? अन् तू तं आपल्या घरीच हायेस. सारं घर तुहंच हाये ना, सुमन.”

“सारं घर नोको मले,” बाई म्हणाली. “एवढीच पाहिजे.”

खळ मायच्या बोटावरून खाली ठिबकत होती. माय माझ्याकडे वळली. मी काही म्हणावं असं तिला वाटत होतं, आणि मी काय म्हणेन ह्याची तिला खात्री होती, कारण आलमारीसाठी मी किती दिवस नाचत होते ते तिनं पाहिलं होतं. मला ती आलमारी हवी होती. आजही लिहिताना मला ती हवीच आहे, इतकी ती देखणी होती. पण बाईचा हात त्या दारावरून कोण काढणार? मी म्हटलं, “मले मंग पलंग पाहिजे. मोठा. नक्षीचा.”

बाबूजींनी दोर खाली ठेवला. ते हसले की खोकले ते कळलं नाही. उठले, मायच्या हातातली वाटी घेतली, चिठ्ठी घेतली, चिठ्ठी माझ्या हातात दिली, आणि वाटी गाईपुढे ठेवून आले. मग आलमारीपाशी जाऊन कुलपात लटकत असलेली चाबी काढली आणि बाईसमोर धरली.

“घे,” म्हणाले. तलावाच्या पाण्याची पाळी सांगताना ते जेवढं बोलत तेवढंच.

मला पलंग मिळाला, नक्षी मात्र नाही. लग्नात माइकवर आलमारी पुकारली गेली नाही, आमगावच्या दोन-तीन बायांनी त्यावरून नाकं मुरडली, आणि त्या सगळ्या कधीच्या विसरल्या. मी विसरले नाही ती बाईला चाबी मिळाली त्या दिवसाची संध्याकाळ. आलमारी पुन्हा मधल्या खोलीत नेली, चादरीशिवाय. माय रुसून चुलीपुढे बसली होती, पण भातात पाणी घालता घालता मान वाकडी करून पाहत होती. बाईनं दोन्ही दारं उघडली. आत चार रिकामे कप्पे, सागवानाचा बंद वास. तिनं अंगावरचं सोडून उरलेलं एक लुगडं आणलं, नीट घडी केली, वरच्या कप्प्यात ठेवलं, दारं लावली, कुलूप लावलं आणि चाबी कमरेला खोचली.

माय चुलीपुढून म्हणाली, “एका लुगड्याले कुलूप कायले पाहिजे वो?”

“माहं हाये म्हून,” बाई म्हणाली, आणि ताटं मांडायला आली.